खोलीच्या तापमानाला

रत्नमालाताईंवर मी लिहावं की नाही, हे मला अजूनही नीट ठरवता आलेलं नाही. त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी अधिक ओळखणारी माणसं नागपुरात आहेत, इथे जर्मनीत, आखनमध्येही आहेत. मी त्यांना जेमतेम दोन वर्षं पाहिलं, तेही बरंचसं प्रयोगशाळेत, पांढऱ्या कोटात. शिवाय प्रयोगाच्या वहीपलीकडे काही लिहिण्याची मला सवय नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. आपलं लिहिलेलं वर्तमानपत्राच्या पुरवणीत छापून यावं, हे मनात आणायलाही संकोच वाटतो. ताईंचे यजमान अशोकराव, म्हणजे आमचे भाऊजी, "तूच लिही. बाकीचे तिला थोर करून टाकतील," असं म्हणाले नसते, तर मी हे धाडस केलं नसतं. ज्यांचा अधिकार मोठा आहे त्यांची आधीच क्षमा मागतो.

ताई गेल्याचं मला बसमध्ये कळलं. सकाळची वेळ होती, विद्यार्थ्यांनी भरलेली बस विद्यापीठाकडे चालली होती आणि भाऊजींचा फोन आला. "नितीन, ताई गेली रे. आत्ता, तासाभरापूर्वी. त्रास नाही झाला." मग ते म्हणाले, "प्रयोग लावलेला आहे का तुझा?" मी हो म्हणालो. "मग तो पुरा करून ये. अर्धा टाकून आलास तर ती मला ऐकवेल." ते चुकून 'ऐकवेल' म्हणाले, की तसंच म्हणायचं होतं, कोण जाणे… मी प्रयोगशाळेत गेलो, मिश्रण गाळलं, तीनदा धुतलं, वहीत वेळ लिहिली आणि मग त्यांच्या घरी गेलो.

त्यांची माझी पहिली भेट दोन हजार सातमधली. मी आखनला येऊन आठवडाही झाला नव्हता. अनमेल्डुंग, म्हणजे राहत्या पत्त्याची नोंदणी, सोडली तर मला एक जर्मन शब्द धड येत नव्हता. प्रोफेसरांनी मला एका टेबलाशी नेलं आणि तिथे काम करणाऱ्या बाईंना ते इंग्रजीत म्हणाले, "हा तुमच्या भागातला आहे." बाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि सरळ मराठीत विचारलं, "कोणतं गाव?"

"हिंगणघाट."

"वडील?"

"जिनिंगमध्ये आहेत. रेच्यावर." वडील रेच्यावर, म्हणजे सरकी काढण्याच्या यंत्रावर, काम करतात हे सांगताना माझा आवाज नेहमी बारीक होतो, तसा तेव्हाही झाला असणार.

"अरे बाप्पा! म्हणजे कापसातून सुटून सात समुद्र ओलांडलेस आणि पुन्हा कापसातच येऊन पडलास!" असं म्हणून त्यांनी ड्रॉवरमधून एक गोल फिल्टर पेपर काढून माझ्या हातात दिला. "हे काय आहे सांग." मी म्हणालो, फिल्टर पेपर. "फाडून बघ." फाडल्यावर कडेला बारीक पांढरे तंतू दिसले. तो शुद्ध कापूस होता. इतकी वर्षं मी त्याच्यातून द्रव गाळत आलो होतो, तो कशाचा असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं. दुसरी गोष्ट जास्त वाईट, असं ताई म्हणाल्या. "तू विचारलं नाहीस तर तुला कळलंय असं मी धरून चालेन. मग तुझं तू बघ."

त्यांचं काम काय होतं, हे वाचकांना सांगायला हवं, कारण ताईंना त्याच्याशिवाय वेगळं काढता येत नाही. कापसाचा तंतू आम्लात ठरावीक वेळ ठेवला की त्यातला मऊ भाग विरघळून जातो आणि कठीण, सुईसारखे कण मागे राहतात. इतके सूक्ष्म की केसाच्या जाडीत असे हजारो कण शेजारी शेजारी मावतील. या सुयांवर पॉलिमरच्या लांब साखळ्या वाढवायच्या आणि त्या साखळ्यांनी पॅलेडियम नावाच्या धातूचे कण धरून ठेवायचे. धातू हा उत्प्रेरक, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारा, पण स्वतः न संपणारा. मला हे पहिल्यांदा समजावताना ताईंनी फळ्यावर काढलेलं चित्र मी कधी विसरणार नाही. त्यांनी खुंटा काढला, दावं काढलं आणि बैल काढला. "कापूस हा खुंटा. पॉलिमर हे दावं. धातू म्हणजे बैल. बैलाने चरायला हवं, पण सुटून जाता कामा नये. सुटला तर तो पाण्याबरोबर वाहून जाणार, पुढच्या वेळी तुझ्याकडे नुसता खुंटा." बैलाला शिंगं मात्र त्यांनी जर्मन गाईसारखी आखूड काढली होती.

बैल सुटला की नाही, हे ओळखण्याची परीक्षा सोपी होती. एका पिवळ्याधमक द्रावणात आमचा उत्प्रेरक टाकला की काही मिनिटांत रंग उडून पाणी स्वच्छ होतं. रंग अर्धा उडाला असताना उत्प्रेरक गाळून बाजूला काढायचा आणि उरलेल्या पाण्याकडे बघत बसायचं. त्याचा उरलेला पिवळा रंग तसाच टिकला तर धातू दाव्याला बांधलेला आहे. गाळल्यानंतरही रंग उडतच राहिला, तर धातू सुटून पाण्यात आलेला आहे. ज्या परीक्षेत काहीही न घडणं हेच यश, अशी परीक्षा मी त्याआधी दिली नव्हती.

हा खुंट्या-दाव्याचा विचार ताईंचा होता आणि सहा वर्षं, तीन संस्था त्या तो घेऊन फिरल्या होत्या. कापूस पाण्यात फुगतो, पॉलिमर त्याच्यावर टिकणार नाही, धातू सुटणारच, असं मोठमोठ्या लोकांनी त्यांना तोंडावर सांगितलं होतं. ताईंना त्याचा राग नव्हता. "त्यांचं बरोबर असेल तर बरोबर. मला फक्त कळायला हवं," एवढंच त्या म्हणत. हे 'कळायला हवं' त्यांच्या बोलण्यात सारखं यायचं.

दर रविवारी फोनवर वडील मला विचारत, "आम्ही सरकी काढतो, तुम्ही तिकडे कापसातून काय काढता?" मला सांगता येत नसे. एकदा मी ताईंच्या घरी असताना त्यांचा फोन आला आणि ताईंनी तो माझ्या हातातून घेतला. "काका, तुमच्या रुईतला माल आम्ही इतका बारीक करतो की तो डोळ्यांना दिसत नाही. मग दिसत नाही म्हणून रडत बसतो." पलीकडून वडील मोठ्याने हसले. नंतर ते आईला सांगत होते, पोराच्या मास्तरीणबाई आपल्यातल्याच वाटतात.

ताईंचं घर म्हणजे आखनमधली माझी दुसरी खोली. सायकलवर टांग मारून त्या सरहद्दीपलीकडे हॉलंडमधल्या बाजारात कोथिंबीर आणि हिरव्या मिरच्या आणायला जात आणि आल्यावर म्हणत, "परदेशी जाऊन आले." भाऊजी सॉफ्टवेअरमध्ये. त्यांना स्वयंपाक उत्तम येई आणि ताईंना अजिबात येत नसे. सावजी मसाल्याच्या डब्यावर सुद्धा भाऊजींचाच हक्क. त्यांची मुलगी मुक्ता तेव्हा आठ-नऊ वर्षांची. "मुक्ता, काका आलाय बघ, पाणी दे," असं ताई म्हणाल्या की ती पुस्तकातून डोकं वर न काढता "ग्लाइश, मामा," म्हणजे 'देते गं, आई' म्हणायची. भाऊजी म्हणायचे, "हिच्यात मराठी आत जाते, बाहेर येत नाही. वन-वे आहे." ताईही बोलता बोलता 'गेनाऊ', म्हणजे 'अगदी बरोबर', म्हणायच्या आणि लगेच स्वतःच्या कपाळावर टिचकी मारून घ्यायच्या.

वर्ष-सव्वा वर्षाने आमचा उत्प्रेरक चालू लागला. चालला तो चांगलाच. पाच-पाच वेळा गाळून, धुऊन पुन्हा वापरला, आणि गाळलेलं पाणी प्रत्येक वेळी पिवळं राहिलं. प्रोफेसर खूश झाले, शोधनिबंध पाठवू या म्हणाले. मी मनातल्या मनात निबंधावरचं माझं नाव वाचून पाहिलं. ताई म्हणाल्या, "आल्झो… तर मग, आधी हे नागपुरात होऊ दे."

नागपूरच्या एका कॉलेजात त्यांचे वर्गमित्र भोयर सर शिकवतात. आम्ही फक्त कृती लिहून पाठवायची आणि त्यांनी तिथे कापसापासून सुरुवात करून सगळं करायचं, असं ताईंच्या मनात होतं. मी म्हणालो, तयार पूडच पाठवू या, लवकर होईल. "पूड आपली असेल तर परीक्षाही आपलीच. जे फक्त तुझ्या हातून होतं, ती कला. तुला कलावंत व्हायचं असेल तर तसं सांग, मी टाळ्या वाजवते." खरं सांगायचं तर मी लिहिलेलं वाचून कुणीतरी अनोळखी माणूस काम करणार, याची मला धास्ती वाटत होती.

ती दोन पानांची कृती मी सात वेळा लिहिली. "'नीट धुवा' म्हणजे काय? तुझे भाऊजी नीट धुतात आणि मी नीट धुते, यात किती फरक आहे ते त्यांनाच विचार." मग मी किती पाण्याने, किती वेळा ते लिहिलं. "'हळूहळू टाका'? तुझं हळूहळू की कासवाचं?" मग मिनिटाला किती थेंब ते लिहिलं. सातव्या वेळी त्यांनी शेवटची ओळ वाचून पेनाचं टोपण लावलं, "आता हे आंधळ्यालाही करता येईल," म्हणाल्या आणि कागद नागपूरला गेले. त्या दिवशी मला परीक्षा पास झाल्यासारखं वाटलं.

मे महिन्यात भोयर सरांचा फोन आला. ताईंनी स्पीकर लावला होता.

"रत्ना, सुटला तुझा बैल," सर म्हणाले. "गाळल्यावर पंधरा मिनिटांत पाणी पांढरं. दोनदा केलं, दोन्हीदा तेच."

ताई शांतपणे म्हणाल्या, "कागद समोर घे. पहिल्या ओळीपासून वाच आणि प्रत्येक ओळीला तू काय केलंस ते सांग." सर वाचत गेले. आम्ल बरोबर होतं, धुणं बरोबर होतं. मग पॉलिमर वाढवण्याची ओळ आली. "खोलीच्या तापमानाला सहा तास ढवळावे. ढवळलं. मध्ये दोनदा लाईन गेली, तेव्हा पोरींनी काचेच्या कांडीने हाताने ढवळलं, तुझी शपथ. पुढे…"

"थांब. भोयर, महिना कोणता?"

"मे. का? जर्मनीत दुसरा असतो का?"

"आणि खोलीत किती होतं?"

"आता लाईन नाही म्हणजे कूलर बंद. असेल बेचाळीस-त्रेचाळीस. आमच्या मानाने बरं होतं."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. बाहेर आखनचा नेहमीचा रिपरिप पाऊस होता, खिडकीखालचा हीटर चालू होता, मी स्वेटर घातला होता आणि भिंतीवरचा तापमापक एकोणीस दाखवत होता. मग त्या हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "अरे, एक हिंगणघाटचा, एक नागपूरची… जन्मभर उन्हात भाजलेली माणसं आपण! सात वेळा लिहिलंस तू आणि सात वेळा वाचलं मी. दोघांनाही आपला मे महिना आठवू नये?" पलीकडून भोयर सर म्हणत होते, "तुझ्या त्या पोराला सांग, इथे खोली म्हणजे भट्टी असते."

चूक माझी होती, मी लिहिलं होतं. पण 'तुझी चूक' असं ताई एकदाही म्हणाल्या नाहीत. त्यांचा अंदाज असा होता की उष्णतेत पॉलिमरच्या साखळ्या सुयांवर वाढण्याऐवजी पाण्यातच मोकळ्या वाढल्या असणार. धातू त्या मोकळ्या साखळ्यांना चिकटला आणि त्यांच्याबरोबर गाळणीतून पसार झाला. दावं खुंट्याला बांधलेलंच नव्हतं. आम्ही आखनमध्ये मुद्दाम बेचाळीस अंशांना करून पाहिलं, आणि आमचाही बैल सुटला. मला वाटलं, झालं, सुटला प्रश्न. ताईंनी मान हलवली. "बिघडतं कसं ते कळलं. नीट केल्यावर त्यांच्या हातून होतं का, ते कुठे कळलंय?" मग कृतीत एक ओळ बदलली. भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवावं आणि तापमान वीस अंशांवर जाऊ देऊ नये. प्रोफेसरांना त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं की निबंध थांबेल. दार बंद होतं, पण बाहेर येताना त्या प्रसन्न होत्या.

पण नागपुरात सुट्ट्या लागल्या, मग प्रवेश, मग कॉलेजचं आणखी काही. आणि इकडे जूनमध्ये ताईंच्या आजाराचं निदान झालं. त्याबद्दल मी फार लिहिणार नाही, त्यांनाही त्यावर फार बोललेलं आवडत नसे. शक्य होतं तोवर त्या प्रयोगशाळेत येत राहिल्या. टेबलाशी उंच स्टूल होतं, त्याऐवजी पाठ टेकायची खुर्ची आली, एवढाच फरक. मी एकदा विचारलं, भोयर सरांना आठवण करून देऊ का? "मुळीच नाही. आठवण करून दिली की माणसाला कळतं आपल्याला काय हवंय. मग तो तेच शोधून देतो, बिचारा."

शेवटची भेट सप्टेंबरातली. त्या घरीच होत्या. खिडकीशी पलंग लावला होता, मुक्ता पायाशी बसून गृहपाठ करत होती. आत जाण्याआधी भाऊजींनी मला स्वयंपाकघरात थांबवलं. हळू आवाजात म्हणाले, "नितीन, रोज विचारते रे ती. सांगून टाक ना झालं म्हणून. तिला बरं वाटेल. होणारच आहे की ते." मी मान डोलावली. त्या माणसाला मी नाही कसं म्हणणार होतो? आत गेलो, बसलो. वाक्य तयार केलं होतं.

"भोयरचं काही?" ताईंनी विचारलं.

मी खिडकीबाहेर पाहिलं, मुक्ताच्या वहीकडे पाहिलं. "नाही, ताई. अजून काही नाही."

त्यांनी डोळे मिटले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. "शाबास. तिकडे तुम्ही दोघं कुजबुजत होतात तेव्हाच मला वाटलं, आता हा येऊन खोटं सांगणार… अहो, चहा टाका याला. पोरगं घामाघूम झालंय." भाऊजी दारातच उभे होते. तेही हसले, चहा टाकायला गेले. नंतर तासभर आम्ही भलत्याच गप्पा मारल्या. वर्ध्याला ते तुपातलं बिस्किट, गोरसपाक, कुठलं चांगलं मिळतं यावर ताईंनी माझ्याशी वाद घातला आणि जिंकल्या. निघताना मला वाटत होतं, मी त्यांना एक समाधान द्यायला हवं होतं, ते दिलं नाही. दोन महिने मी त्याच विचारात होतो. भाऊजींना आता त्याचं काही वाटत नाही, असं ते म्हणतात. मला मात्र अजून खात्री नाही.

ऑक्टोबरमध्ये ताई गेल्या. अंत्यविधीला पंचवीस-तीस माणसं असतील, निम्मी जर्मन. भाऊजींच्या तोंडून त्रिशरण निघेना. तेव्हा त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या मुक्ताने ते सुरू केलं आणि पंचशीलही पुरं म्हटलं, एक अक्षर न अडखळता, आईच्या नागपुरी वळणाने. मराठीत ज्या मुलीचं उत्तर आम्ही कधी ऐकलं नव्हतं तिच्या मागोमाग आम्ही सगळे म्हणत गेलो.

त्यानंतर मी काम करत राहिलो. आमच्या बाजूचं सगळं तपासून झालं होतं, प्रोफेसर अधूनमधून निबंधाची चौकशी करत होते. भोयर सर नागपुरात ताईंच्या माहेरी भेटून आले होते, पण त्यांना मी फोन केला नाही, लिहिलंही नाही. हा लेख लिहायला बसलो तेव्हाही शेवटी काय लिहायचं हे मला माहीत नव्हतं, आणि तो तसाच अपुरा भाऊजींकडे द्यायचं मी ठरवलं होतं.

काल दुपारी भोयर सरांची ईमेल आली. त्यांची मराठी रोमन लिपीत असते, म्हणून मी ती इथे आपल्या लिपीत उतरवतो आहे: "नितीन, बर्फात ठेवून केलं. तापमान अठरा-एकोणीस. पाच वेळा वापरलं. मी हात लावलेला नाही. एमएस्सीच्या दोन नवीन पोरी आहेत, त्यांना नुसता कागद दिला. रत्ना कोण, तू कोण, काय यायला पाहिजे, काही सांगितलं नाही. त्या माझ्याकडे तोंड पाडून आल्या, म्हणाल्या, सर, आमचं काहीतरी चुकलंय. गाळल्यापासून दोन तास बसलोय, पाण्याचा रंग काही केल्या जात नाही."